बिघाडाचा तक्ता

कंपनीत मला सगळे बिघाडकाका म्हणतात. तोंडावर आहेर साहेब आणि पाठ वळली की बिघाडकाका. मला त्याचा राग येत नाही, कारण नाव खरं आहे. सातपूरच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात आणि सत्तावीस वर्षं माझं काम एकच. भाग बनण्याआधी खुर्चीत बसून तो कसकसा बिघडेल ते पाहायचं.

नव्या भागाचं ड्रॉइंग आलं की आम्ही पाच जण टेबलाभोवती बसतो. चहा येतो आणि मी सुरू होतो. वेल्डिंगमध्ये हवा राहिली तर? घाईत कुणी तो उलटा बसवला तर? गाडी भरून वणीचा गड उतरत असताना पाइप फुटला तर? बाकीचे कपाळाला हात लावतात, पण लिहून घेतात. प्रत्येक बिघाडापुढे तीन आकडे मांडायचे. किती वाईट, किती वेळा आणि आपल्याला आधी कळण्याची शक्यता किती कमी. तिन्हींचा गुणाकार करायचा. ज्याचा सर्वांत मोठा, त्याचा बंदोबस्त आधी. याला आम्ही तक्ता म्हणतो. माझ्या तक्त्यातून गेलेल्या एकाही भागाची तक्रार आजवर आलेली नाही. लोकांना वाटतं कल्पनाशक्ती म्हणजे कवींची जहागीर. मी म्हणतो, या आणि माझ्यासारखी घाटात गाडी फोडून दाखवा, तीही खुर्चीत बसून.

ही सवय कंपनीच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही, हा त्यातला दोष.

माझी मुलगी निकिता सहावीत असताना शाळेची सहल सापुताऱ्याला निघाली. मी तिला बसचं काय काय होऊ शकतं ते चार प्रकारे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच बाईंना सांगून नाव कमी केलं. पोहायला शिकायचं म्हणाली, तेव्हा मी पाण्याचं सांगितलं. कॉलेजला स्कूटी मागितली, तेव्हा आयटीआय सिग्नलचं सांगितलं. पुढे पुण्याच्या एका आर्किटेक्टकडे तिची निवड झाली. मी पुण्याची खोली, पुण्याचं पाणी, पुण्याची माणसं असं सगळं मांडलं. ती गंगापूर रोडला एका छोट्या ऑफिसात नकाशे काढायला लागली आणि सिटी बसनं जायला लागली. ती कधी भांडली नाही. मला तो समजूतदारपणा वाटायचा आणि मी चारचौघांत त्याचं कौतुकही करायचो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चोविसाव्या वर्षी तिचे डोळे पिवळे झाले. साधी कावीळ म्हणून महिनाभर औषधं झाली. मग कळलं की तिचं शरीरच तिच्या लिव्हरवर उठलंय आणि लिव्हर जवळजवळ संपलंय. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मी मनातल्या मनात माझे सगळे तक्ते चाळत होतो. बस, पाणी, गॅस, विजेची वायर, अनोळखी माणूस. एकाही कागदावर हे नव्हतं.

उपाय एकच होता. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून तिला बसवायचा. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं. खर्चाची सोय विम्यातून आणि भावाच्या मदतीनं झाली होती, तो प्रश्न नव्हता. मी पहिला पुढे झालो. माझी साखर आणि लिव्हरवरची चरबी बघून त्यांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला काढलं. मग माझ्या बायकोच्या, सगुणाच्या तपासण्या झाल्या आणि तिचं सगळं जुळलं. तिनं दवाखान्याच्या जिन्यावरूनच सटाण्याला भावाला फोन लावला. "जुळलं रे, माझंच जुळलं," असं ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की येणारे-जाणारे वळून पाहत होते. पोरीला बाळंतपणात पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा सगुणाचा चेहरा असाच होता.

आई असली तरी कायद्यानं आधी समितीपुढे जावं लागतं. तीन जण बसतात, कॅमेरा लावतात आणि देणाऱ्याला एकटीला विचारतात. कुणी जबरदस्ती करतंय का, धोका माहीत आहे का? मग नवऱ्याला बोलावून त्याची संमती घेतात. दवाखान्यात हे सगळं जमवून आणणारी मीना नावाची मुलगी होती. तिनं मला आदल्या दिवशी दोनदा बजावलं.

"काका, फार बोलायचं नाही. सगळं समजावून सांगितलंय, माझी संमती आहे. बस, एवढंच."

मंगळवारी सकाळी सगुणा आत गेली आणि सहा मिनिटांत बाहेर आली. पदर सारखा करत मला म्हणाली, "जा. नीट बोला."

आत एक वयस्कर डॉक्टरीणबाई मध्ये बसल्या होत्या. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "तुमच्या पत्नीला ऑपरेशनमध्ये आणि नंतर काय काय होऊ शकतं, हे तुम्हाला समजलंय ना?"

कुणी टेबलापलीकडून काय काय होऊ शकतं असं विचारावं आणि मी अर्धवट उत्तर द्यावं, असं सत्तावीस वर्षांत झालेलं नाही. मी म्हणालो, "डॉक्टरांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. माझ्याकडे अकरा आहेत." आणि खिशातून कागद काढला.

मी आठवडाभर बसून तो केला होता. रक्तस्राव, पित्तनळीची गळती, भुलीचा त्रास, रक्ताची गुठळी. पुढे तिन्ही आकडे आणि त्यांचा गुणाकार. मला खरोखर वाटत होतं की हे लोक आमच्या टेबलावरच्यासारखे एकेक ओळ घेतील आणि तिचा बंदोबस्त सांगतील. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे तयारी करून जावं, हीच माझी भावना. सातव्या ओळीला मी सगुणा ऑपरेशनच्या टेबलावरच गेल्याचं वाचलं, तेव्हा लिहून घेणाऱ्या माणसाचं पेन थांबलं. मला वाटलं, मुद्दा पटला.

"तुमचा या ऑपरेशनला विरोध आहे का?" बाईंनी विचारलं.

"विरोध नाही. मी फक्त मांडतोय."

"भीती वाटते?"

"हो." हे खरंच होतं.

"पत्नीवर काही दबाव आहे, असं वाटतं तुम्हाला?"

मी विचार करून प्रामाणिकपणे म्हणालो, "पोटची पोर आहे मॅडम. दबाव असणारच की."

त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला बाहेर थांबायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी मीना आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. पतीची संमती स्पष्ट नाही, कुटुंबाचं पुन्हा समुपदेशन करावं, प्रकरण पुढच्या मंगळवारी ठेवावं, असा शेरा पडला होता. निकिताच्या डॉक्टरांनी फोनाफोनी केली. पण तिघांपैकी एक जण त्याच दुपारी परगावी निघाला होता. सात दिवस थांबण्याशिवाय इलाज नव्हता.

"काका, काय केलंत हो तुम्ही?" मीना एवढंच म्हणाली.

सगुणानं मला गाड्या लावतात तिथे गाठलं. पंचवीस वर्षं सातपुरात राहून तिची बोली बरीच निवळली होती, पण त्या दिवशी सटाणा वर आलं.

"मनी पोर शे ती! माझी पोर!" ती ओरडली. दोन रिक्षावाले उठून उभे राहिले. "माझं मरण तुम्ही अकरा तऱ्हेनं पाहिलं. लय बारीक पाहिलं. ती जगली तर काय करंल, हे एकदा तरी पाहिलं का? एकदा? माझ्या मरणाचे आकडे मांडत बसले, आन तिच्या जगण्याचा एक आकडा नाय?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी कोरा कागद घेतला. वर लिहिलं, चांगलं काय काय होऊ शकतं. खाली पहिली ओळ, निकिता बरी होईल. दुसरी ओळ सुचेना. बऱ्याच वेळानं लग्न होईल असं लिहिलं आणि खोडलं, कारण मुलाचा चेहराच समोर येईना. सुखात राहील असं लिहिलं. ते लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखं वाटलं, म्हणून तेही खोडलं. घाटात गाडी फुटताना मला तिच्या चाकाखालचा खडा दिसतो, आणि माझी मुलगी बरी होऊन घरी आली तर ती कुठल्या खुर्चीत बसेल, तेही मला दिसत नव्हतं. मला स्वतःची भीती वाटली.

शेवटी आत जाऊन तिलाच विचारलं. तिचं पोट फुगलं होतं, हात काडीसारखे झाले होते, पण त्या वेळी ती शुद्धीत होती. सगुणा पलीकडच्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसली होती.

"निकी, बरी झाल्यावर काय करशील गं?"

"माहीत नाही पप्पा. मी तसं कधी बघितलंच नाही." मग अगदी सहज म्हणाली, "पुढचं सगळं तुम्हीच बघायचा ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तोंड फिरवून रडलो आणि रडताना पहिल्यांदा कळलं की मी हिला काय काय होऊ दिलं नाही. बिघाड टाळता टाळता मी पोरीचं सगळं पुढचं आयुष्यच टाळून ठेवलं होतं.

डोळे पुसून मी जे तोंडात आलं ते बोललो. "तू स्कूटी घेशील."

"तुम्ही नाही म्हणाल."

"म्हणेन. तू ऐकणार नाहीस."

ती हसली. "मग?"

"मग पहिल्याच आठवड्यात पडशील. आयटीआय सिग्नलला, वळणावर खडी सांडलेली असेल तिथे. गुडघा फुटेल. भाजीवाली कुसाबाई धावत येईल, तुला उचलेल, पाणी देईल आणि वर शिव्याही देईल. तू लंगडत घरी येशील तेव्हा तुझ्या हातात मेथीची जुडी असेल."

"मेथी कशाला?"

"तिनं एवढं उचललं, मग काहीतरी घ्यायला नको?"

निकिता पोट धरून हसली. हसताना तिला दुखत होतं, तरी हसली. आणि मला ती दिसली. खरंच दिसली. फाटलेली सलवार, हातात मेथी, दारात उभी. माझं डोकं आयुष्यभर बिघाडाच्या वाटेनंच चाललेलं, ते त्याच वाटेनं तिच्यापर्यंत पोचलं. सगळं गोड गोड मांडलं की काही दिसत नव्हतं. कुठेतरी काही मोडलं, सांडलं, करपलं, की पोरगी जिवंत होऊन समोर उभी राहायची.

मग रोज चार वाजता मी तिच्याशेजारी बसून पुढचं सांगायचो. ती पुण्याला गेली. मी तीन दिवस जेवलो नाही, ती तरी गेली. तिथे आशा नावाची खोलीतली मुलगी भांडी घासायची नाही. निकितानं पहिला भात असा लावला की कुकर फेकून द्यावा लागला. साहेबानं तिचं पहिलं ड्रॉइंग सगळ्यांसमोर परत केलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी तेच सुधारून त्याच्या टेबलावर आपटलं.

"मी आपटलं?" निकितानं डोळे मोठे केले.

"आपटलं. मग त्यानं तुला पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेचं काम दिलं."

ती शाळा तिनं स्वतः उभी राहून बांधून घेतली. सगळं उत्तम झालं, फक्त जिन्याची एक पायरी बोटभर उंच झाली. अख्खा पाडा त्या पायरीला ठेचकाळायचा. तिथला बुधा नावाचा म्हातारा पाय चोळत तिला विचारायचा, "बाय, तू माप घेतलास का डोळं मिटून होतीस?" निकिताला ती पायरी फार आवडली. ती पुन्हा पुन्हा विचारायची, आज कोण ठेचकाळलं? मी रोज नवा माणूस पाडायचो. गुरुजी, तलाठी, लसीकरणाला आलेली नर्स. सगुणा पाठमोरी बसून ऐकत असायची. तिचे खांदे कधी हलले, ते हसण्यानं की रडण्यानं, ते मी विचारू शकलो नाही.

शनिवारी मी निकिताला विचारलं, आता पुढे कुठे जायचं? ती म्हणाली, "आता मी सांगते. शाळेच्या मागं एक तळं आहे. मी त्यात पोहायला शिकले." तिनं जन्मात स्वतःचं म्हणून पाहिलेलं ते पहिलं पुढचं.

रविवारी तिला ताप भरला.

सोमवारी रक्तात जंतू सापडले. मंगळवारी मी समितीपुढे उभा राहिलो आणि विचारतील त्याला फक्त हो म्हणालो. चार मिनिटं लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बरं वाटतंय ना?" मीनानं शिक्का मारलेला कागद हातात दिला. बुधवारी सगुणाला सकाळपासून उपाशी ठेवलं, हिरवा गाऊन घातला. अकरा वाजता डॉक्टर आले आणि म्हणाले की इतक्या तापात नवं लिव्हर टिकणार नाही, ताप उतरेपर्यंत थांबायला हवं. सगुणानं गाऊन काढायला नकार दिला. ती दोन दिवस तोच घालून स्टुलावर बसून राहिली, नर्सना सांगत राहिली, "मी तयार हाय. मी काय खाल्लं नाय." मी निकिताच्या कानाशी पायरीचं बोलत होतो, तळ्याचं बोलत होतो. ती आता ओळखत नव्हती. शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, स्वतःला दोष देऊ नका, जंतुसंसर्ग तसाही झाला असता. भला माणूस. पण बिघाड झाल्यावर त्याचं मूळ शोधण्याची आमची एक रीत आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. का गेली? ऑपरेशन झालं नाही. का झालं नाही? ताप होता. ताप यायच्या आधी का झालं नाही? समितीनं पुढे ढकललं. का ढकललं? नवऱ्यानं कागद वाचला. का वाचला? तिथे पाचव्या उत्तरात माझं नाव येतं. मी हे वीस वेळा करून पाहिलं. दर वेळी तेच येतं.

तेराव्यानंतर माझ्या नांदगावची माणसं गेली, तिच्या सटाण्याची गेली. घरात आम्ही दोघं उरलो. सगुणा स्वयंपाक करायची, माझं ताट मांडायची आणि आत जायची. ती स्वतः काय खायची, मला माहीत नाही. गालाची हाडं वर आली होती. मी कामावर परत जायला लागलो नव्हतो. कुणी नवं ड्रॉइंग पुढे ठेवलं असतं, तर मी ते फाडलं असतं.

एका दुपारी तिनं ताट मांडलं आणि आत गेली नाही. समोर फरशीवर बसली. महिन्याभरानं माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"आज काय केलं तिनं?"

माझा घास हातातच राहिला. "सगुणा, नको."

"तिला सांगायचे ना रोज चारला? आता मला सांगा."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"व्हतंय." तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टर म्हणत्यात तुमच्यामुळं नाय गेली. मी म्हणते, तुमच्यामुळंच गेली. तिला द्यायचं होतं ते हितं ऱ्हायलं, माझ्याच अंगात." तिनं उजव्या बरगडीखाली तळवा दाबला. "ते घेऊन मी काय करू? तुम्ही तिला बघू शकता. मला नाय दिसत. मी डोळे मिटते, तर तो पिवळा चेहरा दिसतो. तुम्ही बघा आन सांगा. रोज सांगा. तुमची सुटका नाय."

ती माझ्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेत राग होता, आणि रागापेक्षा जास्त भूक होती. मला पळून जावंसं वाटलं. मी मान खाली घालून ताटाकडे पाहिलं आणि सुरुवात केली.

"आज तिला उठायला उशीर झाला."

"मग?"

"बस चुकली. रिक्षानं गेली. साहेब बोलला. तीही बोलली. दिवसभर एकच खिडकी काढत बसली होती. जमली नाही."

"जमंल उद्या," सगुणा म्हणाली. "जेवली का?"

"जेवली."

"काय?"

ते मी पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटले. पुण्याची खोली, कोपऱ्यातला गॅस, कढईशी वाकलेली आमची पोर. वाफेनं तिचा चष्मा धूसर झालेला.

"वांग्याची भाजी," मी म्हणालो. "स्वतः केलेली. जरा करपली होती."

"पाणी कमी घातलं असंल," सगुणा म्हणाली. तिनं माझ्याच ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली आणि खायला लागली.